घरातील दूरदर्शन : जोडणी घेताना काय पाहावे?

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळींचा आग्रह झाला, तेव्हा मी मुलांच्या अभ्यासावर काही लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेल्या दोन वर्षांत दाजीबानपेठेतील जितक्या घरांत माझे जाणे झाले, तितक्या घरांत मला अभ्यासापेक्षा दुसराच प्रश्न अधिक वेळा विचारण्यात आला. "मास्तर, टीव्हीला कोणाची जोडणी घ्यावी? केबल ठेवावी की छत्री लावावी? की आता सारे इंटरनेटवरच घ्यावे?" प्रश्न साधा दिसतो, पण महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या कुटुंबाला तो साधा नाही. शिवाय त्यात पैशाखेरीज आणखीही काही गुंतलेले आहे, ते पुढे सांगतोच.

आमच्या शेजारी एक वृद्ध आजी राहतात. मुले पुण्याला, आजी एकट्या. एके संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "मास्तर, माझं मराठी गेलं हो टीव्हीतनं." मी जाऊन पाहिले. संच ठीक होता, तारही ठीक होती. कन्नड, हिंदी, खेळाची, इंग्रजी सिनेमांची, सारी चॅनेल व्यवस्थित दिसत होती. आजी रोज पाहत ती दोन मराठी चॅनेल तेवढी काळी पडली होती. विचारणा केली तेव्हा कळले, की त्यांचे जुने पॅक बंद होऊन त्या जागी नवे आले होते, आणि नव्यात मराठी नव्हते. पैसे मात्र पूर्वीपेक्षा जास्त जात होते. आजींना कोणी फसवले असे मी म्हणणार नाही. पण त्यांना कोणी विचारलेही नव्हते, आणि आपल्याला विचारले जायला हवे होते हे त्यांनाही ठाऊक नव्हते. हा लेख त्या संध्याकाळी मनात सुरू झाला.

थोडा इतिहास

आपल्या देशात दूरदर्शनचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस सुरू झाला. मुंबईला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी पोचला. त्या काळी आपल्या बाजूचे लोक धारवाडच्या आकाशवाणीवर संतुष्ट असत. ते केंद्र १९५० पासूनचे. रेडिओसाठी टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे, असे वडील सांगत.

आपल्या कर्नाटकाचा मात्र एका मोठ्या प्रयोगात वाटा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाची मदत घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यात आपल्या शेजारचे विजापूर, तसेच गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. त्या खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या, दहा फूट व्यासाच्या छत्र्या उभारल्या होत्या. आज आपल्या गच्चीवर दोन फुटांची जी छत्री दिसते, तिची ती थोरली बहीणच म्हणायची.

माझ्या पिढीची आठवण १९८७ सालची. रविवारी सकाळी 'रामायण' लागे, आणि गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही असे त्यांच्या ओसरीवर सर्व धर्मांची पोरे दाटीवाटीने बसत. मीही त्यांत होतो. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत. मग एकजण कौलांवर चढून एरियल फिरवी आणि खालून दहाजण "आलं, आलं, गेलं!" असे ओरडत. तो एरियल आता उपयोगाचा राहिलेला नाही. दूरदर्शनने जमिनीवरचे जुने क्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले, आणि २०२२ पर्यंत त्यांपैकी बहुतेक सारे शांत झाले.

१९९१ नंतर परदेशी आणि खासगी चॅनेल आली, आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. त्यांच्यासाठी १९९५ साली कायदा झाला. २००३ साली खासगी छत्रीची, म्हणजे डीटीएचची सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने स्वतःची मोफत छत्री आणली. २०११ साली केबलचा कायदा सुधारून ती डिजिटल करण्याचे ठरले. आधी महानगरे, मग इतर मोठी शहरे, मग उरलेली शहरे आणि शेवटी खेडी, असे टप्पे होते. तेव्हापासून प्रत्येक टीव्हीखाली तो छोटा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, आला.

चार वाटा

आज हुबळीच्या गृहस्थापुढे चार वाटा आहेत. प्रत्येकीचे काम कसे चालते हे समजले, की तिचे गुणदोष आपोआप कळतात.

पहिली वाट केबलची. मोठी कंपनी एका ठिकाणी भल्याथोरल्या छत्र्या लावून उपग्रहावरून सर्व चॅनेल उतरवून घेते आणि तारेतून शहरभर पाठवते. आपला गल्लीतला केबलवाला तिच्याकडून घेऊन आपल्या घरात पोचवतो. म्हणजे आपण ज्याला पैसे देतो तो शेवटचा दुवा, मालक दुसराच. याचा फायदा असा, की माणूस ओळखीचा असतो. तार तुटली तर सायकलवरून येऊन जोडतो. पावसाचा त्रासही कमी, कारण त्या मोठ्या छत्र्या बहुधा ज्या लहरींवर काम करतात त्या लांब असतात, सुमारे साडेसात सेंटिमीटरच्या, आणि पावसाच्या थेंबांना त्या फारशा अडत नाहीत. तोटा असा, की वीज गेली किंवा रस्ता खणला की सारी गल्ली एकदम अंधारात. आणि ओळखीमुळे पावती मागायचा आपल्याला संकोच वाटतो.

दुसरी वाट खासगी छत्रीची. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही (यातच पूर्वीचे डी-टू-एच आले) आणि सन डायरेक्ट, अशा चार सेवा आज आहेत. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्या उंचीवर त्याची फेरी पृथ्वीच्या फिरण्याबरोबर पुरी होते, म्हणून तो आपल्याला आकाशात एकाच जागी उभा दिसतो आणि छत्री एकदा रोखली की हलवावी लागत नाही. पण येथील लहरी आखूड, जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषून घेतात आणि विखुरतात. म्हणून वळवाचा पाऊस किंवा आषाढातली झड आली की चित्र तुकड्यातुकड्यांनी थांबते. तो यंत्राचा दोष नव्हे, निसर्गाचा नियम होय. पाऊस ओसरला की चित्र परत येते. त्या वेळी कोणी "छत्री बदला" म्हणाले तर घाई करू नये.

तिसरी वाट दूरदर्शनच्या मोफत छत्रीची, म्हणजे डीडी फ्री डिशची. तिला महिन्याचे भाडे नाही. छत्री आणि डबा मिळून एकदाच साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. तिच्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेतच. त्यांखेरीज खासगी चॅनेल लिलावात जागा घेऊन येतात. त्यामुळे या वर्षी दिसणारे एखादे खासगी चॅनेल पुढील वर्षी दिसेलच असे नाही. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सोनी मराठी ही पैशांची चॅनेल तिच्यावर मिळत नाहीत, हे आधीच ध्यानात ठेवावे.

चौथी वाट इंटरनेटची. घरात फायबरची तार आली की तिच्यातूनच दूरदर्शनही येते. निरनिराळ्या कंपन्यांची अॅप्स असतात. त्यांत मालिका हव्या त्या वेळी पाहता येतात. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाचे अॅप काढले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट पाहता येतात. ही वाट तरुणांना आवडते. पण तिच्यासाठी टीव्ही स्मार्ट हवा किंवा त्याला एक छोटे उपकरण जोडावे लागते, आणि वापरणाऱ्यालाही थोडे शिकावे लागते. आणखी एक गंमत सांगतो. क्रिकेटचा सामना इंटरनेटवर पाहिला तर तो काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे चालतो. शेजारचे केबलवाले घर आधी ओरडते आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो!

मोबाइलच्या डेटावर टीव्ही पाहू म्हणणाऱ्यांनी एक गणित करावे. चांगल्या प्रतीचे चित्र ताशी सुमारे ३ जीबी खाते. दिवसाला २ जीबी मिळत असेल तर ४० मिनिटांत सारे संपले. घरात रोज चार तास टीव्ही चालत असेल तर दिवसाला १२ आणि महिन्याला ३६० जीबी लागतील. म्हणून ही वाट घ्यायची तर तारेचे इंटरनेटच हवे.

बिलाची फोड

आता मुख्य गोष्ट. महिन्याला आपण जे देतो त्यात तीन भाग असतात, आणि ते वेगळे करून पाहिल्याखेरीज कोणतीही तुलना करता येत नाही.

पहिला भाग म्हणजे जोडणीचे शुल्क. चॅनेल कोणतीही पाहा, तार किंवा छत्री आपल्या घरात आहे म्हणून ते द्यावे लागते. २०१९ च्या आरंभी नवी दरपद्धती लागू झाली तेव्हा ट्रायने, म्हणजे या सर्वांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, याला १०० चॅनेलसाठी १३० रुपयांची मर्यादा घातली होती. २०२० मध्ये त्याच रकमेत २०० चॅनेल द्यावीत असे ठरले. परंतु जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली. आता प्रत्येक कंपनी आपले शुल्क स्वतः ठरवते, मात्र ते तिने उघड जाहीर केले पाहिजे. अजूनही पुष्कळ लोक "सरकारी दर १३०" असे धरून चालतात. ते आता खरे राहिलेले नाही. म्हणूनच हा पहिला आकडा प्रत्येकाने आपल्या कंपनीस विचारून घ्यावा.

दुसरा भाग चॅनेलच्या किमतीचा. काही चॅनेल मोफत असतात, काही पैशांची. पैशांच्या चॅनेलपैकी प्रत्येकाची किंमत जाहीर असते, आणि प्रत्येक चॅनेल सुटे मिळण्याचा ग्राहकास हक्क आहे. भाजीच्या दुकानात हवी ती पाव किलो भाजी घ्यावी तसे. पण दुकानदाराला टोपली विकायची असते. पॅकमध्ये टाकायच्या चॅनेलची किंमत १९ रुपयांहून जास्त असता कामा नये असा नियम आहे, आणि पॅकवर काही टक्के सवलत देण्याची मुभा आहे. त्यामुळे पॅक स्वस्त दिसते. पण पन्नासातली चारच चॅनेल आपण पाहणार असू तर ती सवलत आपल्याला महागच पडते.

तिसरा भाग कराचा. वरच्या दोन्ही रकमांच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी असतो. जाहिरातीतला आकडा करासह आहे की करावाचून, हे विचारणे विसरू नये.

एक उदाहरण मांडतो. आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. जोडणीचे शुल्क १३० रुपये, कन्नड चॅनेलचे एक पॅक ६० रुपयांचे, आणि सुटी दोन मराठी चॅनेल प्रत्येकी १९ प्रमाणे ३८ रुपयांची. बेरीज २२८ रुपये. त्यावर १८ टक्के कर ४१ रुपये ४ पैसे. एकूण २६९ रुपये ४ पैसे महिना. वर्षाचे झाले ३,२२८ रुपये ४८ पैसे. तीन वर्षांचे ९,६८५ रुपये ४४ पैसे. मोफत छत्रीचा खर्च तीन वर्षांत तोच दोन हजारांचा. आता घरातल्यांनी बसून ठरवावे, की जादा मिळणाऱ्या चॅनेलसाठी तीन वर्षांत साडेसात हजारांहून अधिक रुपये द्यायची आपली तयारी आहे का. उत्तर 'हो' असले तरी काही बिघडत नाही. पण ते विचारपूर्वक दिलेले 'हो' असावे.

भाषेचा प्रश्न

येथे दाजीबानपेठेचा खास प्रश्न येतो. आपल्या पेठेत बहुतेक घरांत दोन-तीन भाषा नांदतात. बाजारात कन्नड, घरात मराठी किंवा आणखी एखादी बोली, शाळेत इंग्रजी. माझ्या घरी अम्मी उर्दू बातम्या ऐकतात, मुलांना कन्नड मालिका आणि क्रिकेट हवे, आणि मला मराठी नाटक किंवा कीर्तनही चालते. कंपन्या मात्र पॅक तयार करतात ते राज्य पाहून. कर्नाटकासाठी कन्नड पॅक, महाराष्ट्रासाठी मराठी पॅक. सीमेवरच्या आणि राज्याबाहेरच्या मराठी घराचा विचार त्या यादीत नसतो. म्हणून तयार पॅक जसेच्या तसे घेतले तर मराठी बहुधा बाहेर राहते, किंवा दोन्ही पॅक घ्यावी लागून खर्च जवळपास दुप्पट होतो.

यावर उपाय सुट्या चॅनेलचाच. मूळ पॅक कन्नड ठेवावे, आणि घरात खरोखर पाहिली जातात ती एक-दोन मराठी चॅनेल सुटी घ्यावीत. ज्यांना तेवढाही खर्च नको त्यांनी हे लक्षात ठेवावे, की दूरदर्शनच्या मोफत छत्रीवर मराठीसाठी सह्याद्री, कन्नडसाठी चंदना आणि उर्दूसाठी डीडी उर्दू अशा तिन्ही वाहिन्या एक पैसा महिना न देता मिळतात. आमच्यासारख्या तीन भाषांच्या घराला ही सोय लहान नव्हे.

कोणी म्हणेल, चॅनेल नाही दिसले म्हणून भाषा काही मरत नाही. खरे आहे. भाषा टिकते ती बोलण्याने. पण माझा वर्गातला अनुभव सांगतो. ज्या मुलाच्या कानावर घराबाहेरची, प्रौढ माणसांची मराठी कधीच पडत नाही, त्याची मराठी 'जेवायला ये' आणि 'अभ्यास कर' एवढ्यावरच थांबते. निवडणूक, शेती, न्यायालय, हवामान हे शब्द त्याला ऐकायला मिळणार कोठून? आजीबरोबर बसून रोज अर्धा तास मराठी बातम्या ऐकणारे मूल ते शब्द कळत नकळत उचलते. आणि आजीच्या बाजूने पाहाल तर संध्याकाळचा तो अर्धा तास म्हणजे तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे घरातले एकमेव माणूस असते. मराठी गेले असे त्या माउली का म्हणाल्या, ते यावरून समजावे.

मुलांच्या अभ्यासाचेही येथेच सांगून ठेवतो. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा चंदना वाहिनीवरून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'संवेद' नावाचे वर्ग चालत. ज्या घरी मोबाइल एकच होता, त्या घरच्या कितीतरी मुलांचा अभ्यास त्यामुळे तुटला नाही. मोफत छत्रीवर आजही सरकारची शैक्षणिक चॅनेल आहेत. ती चालू ठेवायला काही पडत नाही.

माझी स्वतःची चूक

उपदेश करणाऱ्याने आपली फजितीही सांगावी. काही वर्षांपूर्वी सवलत चांगली आहे म्हणून मी एका छत्रीचे वर्षाचे पैसे एकदम भरले. कंपनीचे नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. आपल्या हुबळीहून हे उपग्रह आग्नेयेकडे किंवा पूर्वेच्या बाजूला, आकाशात बरेच वर असतात. छत्रीला त्या दिशेचे आकाश मोकळे लागते. आमच्या आग्नेयेस शेजाऱ्यांनी दोन महिन्यांत तिसरा मजला चढवला, आणि आमचा उपग्रह त्या भिंतीआड गेला. छत्री दुसऱ्या कोपऱ्यात हलवायची तर माणूस बोलावण्याचा, तारेचा खर्च वेगळा. जागाही घरमालकाच्या परवानगीची. शेवटी उरलेले सात महिने निळा पडदा पाहत काढले. बायको अजूनही म्हणते, "सवलत फार चांगली होती हं!"

त्यावरून दोन धडे घेतले. आपल्या पेठेसारख्या दाटीच्या वस्तीत छत्री घेण्याआधी गच्चीवर चढून आग्नेयेचे आकाश पाहावे, आणि तेथे कोणाचे बांधकाम निघणार आहे का याची चौकशी करावी. दुसरा धडा असा, की पहिल्यांदा वर्षाचे पैसे भरू नयेत. एक-दोन महिने पाहावे, एखादा जोराचा पाऊस पाहावा, मग लांबचे ठरवावे. शिवाय हा धंदा सध्या झपाट्याने बदलतो आहे. पैशांच्या छत्रीची घरे २०२१ च्या सुमारास देशात सात कोटींच्या आसपास होती, ती २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली आली. काही मोफत छत्रीकडे वळली, काही इंटरनेटकडे. अशा काळात फार लांबचे बांधून घेणे शहाणपणाचे नव्हे.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

जोडणी देणारा माणूस दारात आला, की पुढील गोष्टी त्याला विचाराव्यात आणि उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

१. डबा विकत आहे की भाड्याने? भाड्याचा असेल तर अनामत किती, आणि परत केल्यावर ती मिळते का? बिघडल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने? एका कंपनीचा डबा दुसरीला चालत नाही, हे ध्यानात ठेवूनच विकत घ्यावा.

२. जोडणीचे शुल्क, चॅनेलची किंमत आणि कर, तिन्ही वेगवेगळे किती?

३. दुसऱ्या खोलीत टीव्ही असेल तर त्याचे शुल्क किती? ते पहिल्याइतकेच घेतात की कमी?

४. घरातल्यांनी मागितलेली चॅनेल नावानिशी या पॅकमध्ये आहेत का? 'सगळी आहेत' हे उत्तर नव्हे. यादी पाहावी.

५. गावाला गेल्यावर सेवा तात्पुरती बंद ठेवता येते का, आणि परत सुरू करायला काय लागते?

६. तक्रारीचा क्रमांक कोणता, आणि अर्जाची प्रत मिळेल ना?

यांपैकी बऱ्याच गोष्टींची उत्तरे डब्यातच असतात. रिमोटने कार्यक्रमांची यादी उघडली की चॅनेलपुढे त्याची किंमत दिसते. चॅनेल वाढवायचे किंवा काढायचे सांगितल्यावर ते ७२ तासांच्या आत झाले पाहिजे, असा नियम आहे.

तक्रार कशी करावी

तक्रार करणे म्हणजे भांडणे नव्हे. आधी कंपनीच्या क्रमांकावर फोन करावा आणि तक्रारीचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. तो नसेल तर पुढे काहीच सिद्ध होत नाही. तेथे दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्यास लेखी कळवावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ट्राय नियम करते, पण एकेका घराची तक्रार ती सोडवीत नाही, हेही माहीत असावे. अगदी शेवटी ग्राहक आयोग आहे. आपल्या जिल्ह्याचा आयोग धारवाडला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या प्रकरणात अर्जाला शुल्क पडत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र पावत्या हव्यात. म्हणून केबलवाला कितीही ओळखीचा असो, पावती घ्यावीच. ओळख ओळखीच्या जागी, हिशेब हिशेबाच्या जागी.

मग निवड कोणाची करावी?

सर्वांना एकच उत्तर नाही, पण ढोबळमानाने असे सांगता येईल. घरात उत्पन्न थोडे, शिकणारी मुले, आणि ठरावीक मालिकांचा हट्ट नाही, तर मोफत छत्री उत्तम. वृद्ध माणसे एकटी राहतात, रिमोटची दोनच बटणे त्यांना येतात आणि बिघडल्यावर कोणीतरी दारात यायला हवे, तर गल्लीतली केबल बरी. मात्र पॅकची यादी मुलांनी किंवा शेजाऱ्यांनी वर्षातून एकदा तपासावी. घर मोकळ्या जागी, गच्ची स्वतःची, आणि चॅनेल निवडीवर आपला ताबा हवा, तर खासगी छत्री. घरात तारेचे इंटरनेट कामासाठी आधीच आहे आणि पाहणारे तरुण आहेत, तर चौथी वाट. तेथे केबलही ठेवणे आणि अॅपचेही पैसे भरणे, असा दुहेरी खर्च मात्र टाळावा. पुष्कळ घरांत तो नकळत चालू असतो.

आजींचे पुढे काय झाले, ते सांगून आटोपते घेतो. आम्ही दोघे त्यांच्या पाटाशी बिल घेऊन बसलो. त्यांनी चष्मा लावला आणि मी एकेक नाव वाचत गेलो. "हे बघता का, आजी?" "नाही बाबा." "हे?" "ते काय असतं?" असे करता करता खेळाचे आणि इंग्रजी सिनेमांचे पॅक गेले, दोन मराठी चॅनेल सुटी आली, आणि बिल पूर्वीपेक्षा कमी झाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून मराठी मालिकेचे शीर्षकगीत ऐकू आले. आवाज नेहमीप्रमाणे फार मोठा होता. त्या दिवशी मात्र मला त्याचा त्रास झाला नाही.

ट्रस्टच्या सभासदांना माझी एकच विनंती. आपल्या पेठेत अशी एकटी राहणारी वडीलधारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. सणाला त्यांच्याकडे फराळाचे ताट नेतो तसेच वर्षातून एकदा त्यांचे टीव्हीचे बिलही वाचून द्यावे. त्याला वर्गणी लागत नाही, अर्धा तास लागतो. ट्रस्टने इतकी वर्षे जे कार्य केले, त्याच जातीचे हेही एक लहानसे काम आहे.